दोन बोटांचा जोर

दिवाळीच्या सुट्टीत मी लातूरहून गावी आलो तेव्हा दारातल्या कडुनिंबाखाली आमची जीप उभी होती आणि तिच्या पोटाखाली बिस्किटाच्या खोक्याचा उलगडलेला पुठ्ठा अंथरलेला होता. पुठ्ठ्यावर ऑईलचे काळे डाग पडले होते. प्रत्येक डागाभोवती बॉलपेनने गोल काढलेला होता.

"हे गोल कसले, दादा?" मी विचारलं. वडिलांना आम्ही दादाच म्हणतो.

"कालचा कोणता अन् आजचा कोणता, कळाया नको का? रोज सकाळी नव्याला गोल करून ठिवतो. आधी दोन-तीनच असायचे. आज पाच हायेत."

आमचं गाव लोह्याच्या अलीकडे, लातूरच्या बाजूला. दादांनी या जीपवर लोहा ते नांदेड असे प्रवासी वाहिले, वर्षानुवर्षं. त्याच फेऱ्यांवर माझी शाळा झाली, नांदेडचं कॉलेज झालं. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. आता रेणापूरजवळच्या एका शाळेत शिकवतो आणि लातूरला राहतो. दादांनी प्रवासी वाहणं केव्हाच सोडलं. जीप आता हळदीची पोती, आईचा दवाखाना आणि सोयऱ्यांची लग्नं एवढ्यापुरतीच निघते. पण इंजिन जुनं असलं तरी दादांच्या भाषेत "हाकेला ओ देतंय", आणि ते तसंच राहावं यात त्यांचा जीव गुंतलेला आहे.

आमच्या घरात शिक्षणाचा उपयोग काय, तर फसायचं नाही, हे सांगितलं पाहिजे. दादांना सही येते, वाचता अडखळत येतं. मी सातवीत गेल्यापासून घरात आलेला प्रत्येक कागद माझ्यापुढे यायचा. बियाण्याची पिशवी, औषधाची बाटली, तहसीलमधली नोटीस. दादा म्हणायचे, "बग रे, कुठं फसवलं का ते." मी बारीक अक्षरं वाचायचो आणि काही ना काही शोधून काढायचो. शोधलं की शाबासकी मिळायची. हळूहळू काही सापडलं नाही तर मलाच चुकल्यासारखं वाटू लागलं. ही सवय मी पदवीसोबत लातूरलाही नेली. तिथल्या एका गॅरेजवाल्याने माझ्या मोटारसायकलला जुनाच भाग घासूनपुसून बसवला होता, तेव्हापासून तर पाना धरलेला प्रत्येक माणूस मला शंकेखोर करून सोडायचा.

लोह्याला, नांदेड रस्त्याच्या कडेला एका मिस्त्रींचं गॅरेज आहे. एकटेच काम करतात. दादांचे तीस वर्षांचे सोबती. दादा त्या रस्त्याने जाताना गॅरेजसमोर दोनदा छोटा हॉर्न वाजवायचे आणि मिस्त्रीकाका जिथे असतील तिथून हात वर करायचे. गाडीखाली असले तर नुसता पाना धरलेला हात बाहेर निघायचा. यात कधी खंड पडलेला मी पाहिला नव्हता. मी कॉलेजात असताना माझा डबा रोज जीपमधून नांदेडला यायचा आणि आमटी सांडून माझ्या वह्या पिवळ्या व्हायच्या. काकांनी एकदा ते पाहिलं, रबराच्या शीटमधून झाकणाच्या मापाचं कडं कापून दिलं आणि सांगितलं, "आईला म्हण, दोनदा उकळून घे. वास जाईल." ते कडं तीन वर्षं टिकलं. पदवीच्या वह्या स्वच्छ राहिल्या. हे सगळं मला माहीत होतं. माहीत असूनही पुढचं सगळं घडलं.

त्या सुट्टीत आम्ही जीप त्यांच्याकडे नेली. गळतीचं दादांनी फोनवर सांगितलं होतं, म्हणून मी लातूरहून येतानाच तयारीनं आलो होतो. ऑईल साठतं त्या खालच्या पत्र्याच्या भांड्याला गॅरेजमध्ये चेंबर म्हणतात. चेंबर आणि इंजिन यांच्यामध्ये पॅकिंग असतं. ते गेलं की ऑईल झिरपतं, एवढं मी मोबाईलवर बघून शिकलो होतो आणि लातूरच्या दुकानातून रबराचं तयार पॅकिंग घेऊनही आलो होतो. पिशवीवर 'आयुष्यभर टिकणारे' असं छापलं होतं.

काकांनी पिशवीकडे पाहिलंही नाही. आधी इंजिनाची बाहेरची बाजू डिझेलने धुतली, फडक्याने कोरडी केली.

"मास्तर, खिशात खडू हाय का?"

"सुट्टीत खडू कोण ठेवतं, काका?"

"मंग कसले मास्तर तुमी." असं म्हणून त्यांनी आतून अंगाला लावायची पावडर आणली आणि खालच्या भागावर शिंपडली. पाच-सात मिनिटं इंजिन चालू ठेवलं. मागच्या कोपऱ्यात पांढऱ्या पावडरीवर काळी रेघ उतरली, अगदी चेंबरच्या काठावरून. वरून कुठूनही ऑईल आलेलं नव्हतं. विनाकारण चेंबर खोलतील ही माझी पहिली शंका तिथेच मिटली. पण शंका एका जागची उठली की दुसऱ्या जागी जाऊन बसते.

चेंबर खाली उतरवल्यावर काकांनी जुनं पॅकिंग खरवडून काढलं. मग चेंबर फरशीवर पालथं ठेवलं आणि काठाखालून उजेड दिसतो का ते डोकं जमिनीला लावून पाहिलं. दोन ठिकाणी हलकं ठोकलं. मी माझी पिशवी पुढे केली.

"रबर चांगलं हाय," ते म्हणाले, "पन ह्याला काठ सपाट लागतो. आपलं चेंबर पातळ पत्र्याचं, वयानं उंचसखल झालेलं. हितं बूच पायजे. बूच मऊ, खड्डा भरून घेतं." त्यांनी फळीमागून बुचाची, म्हणजे कॉर्कची, शीट काढली. दिसायला ती मला जुनी वाटली. चेंबरचा काठ शीटवर ठेवून त्यांनी पॅकिंग कापायला घेतलं.

"मग सगळीकडून सिलिकॉन भरा की," मी म्हणालो. व्हिडिओत तसं दाखवलं होतं.

"कोपऱ्यात लावू, जिथं सांधा येतो तिथं. सगळीकडं लई भरलं तर दाबल्यावर ते आतबी निघतंय. त्याचा तुकडा तुटून आतल्या गाळणीच्या जाळीवर बसला की इंजनाला ऑईल मिळत न्हाई. मंग तुमच्या दादाला डागाभवती गोल काढायला ऑईलच ऱ्हानार न्हाई."

दादा हसले. मी हसलो नाही. माझ्या डोक्यात एकच हिशेब चालू होता: मी आणलेलं नवं पॅकिंग नको आणि यांच्या फळीमागचं बूच हवं, याचा अर्थ काय?

"ते रबर हितंच ठिवून द्या, सपाट," काका म्हणाले. "पुढं चांगलं चेंबर घावलं की बसवू."

"नको, दुकानात परत द्यायचंय," मी म्हणालो. परत द्यायचं नव्हतं. ते दुसऱ्या कुणाच्या गाडीला बसवतील असं मला वाटलं होतं. काकांनी फडक्याला हात पुसले, पिशवी उचलली आणि माझ्या हातात दिली.

बोल्ट आवळायची वेळ आली तेव्हा मी मोबाईल काढून चित्रण सुरू केलं. पुढे पुरावा लागला तर असावा म्हणून. "काढा, काढा," काका गाडीखालून म्हणाले, "माझाबी फोटो येऊ द्या कधी." आणि ते कॅमेऱ्याकडे बघून थोडं हसले. ते चित्रण माझ्याकडे अजून आहे. त्यात ते दहाचा पाना शेवटाला न धरता मानेजवळ धरतात, तोही दोनच बोटांनी. मधला बोल्ट, मग समोरच्या बाजूचा, मग थोडा पुढचा. असे तीन फेरे. एकदाही मूठ वळलेली नाही.

"आज ऑईल टाकायचं न्हाई. गाडी हितंच ऱ्हाऊ द्या, उद्या सकाळी टाकून न्या," बाहेर आल्यावर त्यांनी दादांना सांगितलं. "दोन-तीन दिवस येखादा डाग दिसंल. गाडीच्या चासीवर सांडलेलं हाय, ते गळतंय. आठ दिवसानं आणा, मी एक हलका फेरा देतो. तवर कुनी हात लावायचा न्हाई."

डाग दिसेल, हे ऐकून मी मनात म्हणालो, सबब आधीच तयार करून ठेवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी नव्या पुठ्ठ्यावर एक डाग होता. दादांनी गोल काढला आणि माझ्याकडे पाहिलं.

"मी बघितलंय," मी म्हणालो. "दोन बोटांनी आवळलेत बोल्ट. दोन बोटांनी."

"मिस्त्री कसंबी काम करनार न्हाई."

"ते करतील असं मी म्हणत नाही. पण वय झालंय त्यांचं. आणि पडून राहिलेला माल माणूस कुठंतरी खपवतोच."

काढलेल्याच गोलावरून दादांनी पेन पुन्हा एकदा फिरवला.

त्या दुपारी दादा झोपले होते. मी जीपच्या सीटखालून दहाचा पाना काढला, गाडीखाली सरकलो आणि एकेक बोल्ट मूठ वळून आवळला. प्रत्येक बोल्ट थोडा थोडा फिरला. फिरला म्हणजे सैलच होता, असं मला वाटलं. खाली बूच दबतंय, हे मनात आलं नाही. कपड्यांवरची धूळ झटकली आणि कुणाला काही न सांगता दुसऱ्या दिवशी लातूरला परतलो. हात लावायचा नाही असं काकांनी बजावलं होतं, म्हणून सांगायची सोय नव्हती.

त्यानंतर रोज सकाळी दादांचा फोन येई. एक दिवस डाग नव्हता. मग दोन. मग चार.

"काकांना दाखवलं का? आठ दिवस होऊन गेले."

"कशाला जाऊ? म्हनंल, आनखी एक फेरा देतो. त्याचे फेरेच चालू ऱ्हातील. पडून ऱ्हायलेला माल हाय त्यो."

हे शब्द माझे होते. माझा आवाज दादांच्या तोंडून ऐकूनही मी त्यांना अडवलं नाही. पुढे कळलं की बाजाराच्या दिवशी गॅरेजवर बसून चहा प्यायचंही दादांनी बंद केलंय.

पुढच्या महिन्यात मी शनिवारी गावी आलो. दुपारी पुन्हा गाडीखाली गेलो आणि पुन्हा सगळे बोल्ट आवळले. या वेळी ते फारसे फिरलेच नाहीत, तरी डाग सात झाले होते. रविवारी आईला चष्म्यासाठी नांदेडला न्यायचंच होतं. माझ्या सोबतच्या एका शिक्षकाने तिथलं एक गॅरेज सांगितलं होतं. ऑईलची पातळी बघून, वरून थोडं घालून आम्ही तिघे निघालो.

लोहा आलं. मिस्त्रीकाकांच्या गॅरेजचं दार उघडं होतं. दादांनी समोर बघत जीप तशीच पुढे काढली.

"हॉर्न?" मागून आई म्हणाली.

"बिघडलाय."

"काल तर वाजून ऱ्हायला होता."

दादांनी गिअर बदलला. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

नांदेडचा मिस्त्री तरुण होता. त्याने जीप खड्ड्यावर घेतली, खाली उतरून बॅटरी मारली आणि चेंबरचा काठ बराच वेळ चाचपला. तो चाचपत होता तसतसा मी मनातून तयार होत गेलो. आता हा म्हणेल, बूच जुनं होतं.

"कुणी बसवलं हे?" त्याने विचारलं.

"लोह्याला. का?" मी म्हणालो.

"बसवनाऱ्याचं काम चांगलं हाय. बूच नवं हाय, कोपऱ्यातलं सिलिकॉनबी मापात. पन मागून कुनीतरी ताकद दाखवलीय." त्याने आम्हा दोघांना खड्ड्यात बोलावलं आणि चेंबरच्या काठावरून बोट फिरवायला लावलं. प्रत्येक बोल्टाजवळ पत्रा वर चेपला होता आणि दोन बोल्टांच्या मध्ये काठ खाली लोंबला होता. बूच बाहेर फुगून चिरलं होतं. "बघा, जिथं लई आवळलं तिथंच फुटलं. घरात पैलवान कोन हाय?"

आई सीटवरूनच म्हणाली, "दोघं हायेत."

खड्ड्यात आम्ही बापलेक एकमेकांकडे बघत उभे राहिलो.

"ह्यो सुट्टीत आला की दुपारी जायचा गाडीखाली," आई त्या मिस्त्रीला सांगत होती, "अन् हे रोज उठल्या उठल्या. मला वाटलं, लोह्याच्या मिस्त्रीनंच सांगितलं आसंल."

तरुण मिस्त्रीला हसू आवरेना. "काठ सरळ करून नवं पॅकिंग घालून देऊ का?" त्याने विचारलं.

"नको," दादा म्हणाले. "ज्यानं बसवलं त्याच्याकडंच नेतो. तितवर जाईल ना?"

"जाईल. ऑईल बघत जावा."

आईचा चष्मा झाला. परतीच्या वाटेवर दादांनी एकदा थांबून ऑईलची पट्टी बघितली. पुन्हा गाडीत बसल्यावर मगच बोलले.

"तू कवा?"

"दिवाळीत. आणि काल."

"मी रोज. तू म्हनलास दोन बोटानं आवळलंय, तवापास्नं रोज."

"दादा, पहिली शंका माझी होती."

"तुजी आसंल. पन तू त्याला किती वळखतूस? मी तीस वर्सं वळखतो."

लोह्याजवळ त्यांनी लांबूनच दोनदा हॉर्न वाजवला. काका एका ट्रॅक्टरजवळ उभे होते. त्यांनी हात वर केला नाही. फडक्याला हात पुसत रस्त्यापर्यंत आले.

"सकाळी गेलात तवाच इंजनाच्या आवाजानं वळखलं," ते दादांना म्हणाले. "हॉर्न वाजला न्हाई म्हून मला वाटलं, वहिनीला जास्त झालं का काय. सकाळपास्नं तेच डोक्यात हाय."

आई म्हणाली, "मला काय धाड भरलीय, भावजी. चष्मा आणलाय नुसता."

मी खाली उतरलो. वर्गात मुलांना चूक कबूल करायला सांगणं सोपं असतं. "काका, बोल्ट मी आवळले. दादांनीही आवळले, पण त्यांच्या मनात मीच घातलं."

"काय घातलं?"

ते मला सांगावंच लागलं. "की तुम्ही पडून राहिलेला माल खपवला."

काका आत गेले. खिळ्याला टोचलेल्या कागदांतून एक पावती काढून आणली आणि माझ्यासमोर धरली.

"राहू द्या, काका."

"राहू द्या कसं? वाचा. मास्तर हाव तुमी."

मी वाचली. बुचाची शीट, नांदेडच्या दुकानातली, दसऱ्यानंतरची. आयुष्यात इतके कागद वाचले, कुठं फसवलंय ते शोधायला. हा पहिलाच कागद होता ज्यात फसवणारा सापडला तो मी. काकांनी पावती परत घेतली आणि पुन्हा खिळ्याला टोचली.

त्यांनी ट्रॅक्टर बाजूला ठेवून जीप घेतली. चेंबर उतरवलं, काठ लाकडी ठोकळ्यावर धरून एकेक फुगवटा हातोडीने बसवला, फरशीवर ठेवून उजेड पाहिला, पुन्हा ठोकलं. नवं बूच कापलं. पाना मानेजवळ धरून दोन बोटांनी तीन फेरे दिले. आई ट्रॅक्टरच्या सावलीत नवा चष्मा लावून बसली होती आणि हे सगळं तिला पहिल्यापेक्षा स्पष्ट दिसत असणार.

आम्हाला वाटलं काम संपलं. काकांनी पिवळ्या रंगाचा लहान डबा आणि बारीक ब्रश घेतला, पुन्हा खाली गेले, आणि प्रत्येक बोल्टावर एक रेघ ओढली. रेघ बोल्टावरून खाली चेंबरच्या पत्र्यावर उतरत होती.

"हे कशाला?" दादांनी विचारलं.

"बोल्ट फिरला तर रेघ तुटते. कळतंय."

"आता आमी कशाला फिरवू?"

"फिरवनार न्हाई तुमी. पन खूण आसलेली बरी." काकांनी डब्याचं झाकण लावलं. तीस वर्षांत या जीपच्या एकाही बोल्टावर त्यांनी अशी रेघ काढली नव्हती. दादांना ते माझ्या आधी कळलं असावं, कारण त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली आणि "बरं" एवढंच म्हणाले.

जीप त्या रात्री गॅरेजवरच राहिली. आठ दिवसांनी दादा हलक्या फेऱ्यासाठी ती घेऊन गेले. मी शाळेत होतो. मधल्या सुट्टीत त्यांचा फोन आला. ते हळू आवाजात बोलत होते, म्हणजे गॅरेजवरच असावेत.

"पाना हातात घ्यायच्या आधी बॅटरी घिऊन खाली गेला. एकेक रेघ बघितली त्यानं."

"मग?"

"सगळ्या जाग्यावर होत्या."

"काही म्हणाले?"

"काय न्हाई," दादा म्हणाले. "चहा सांगितलाय."